चौथी वाटी

१

शुक्रवारी सकाळी हर्षदच्या टेम्पोतून आमचा दुधाचा कॅन भरलेलाच परत आला. रिकामा कॅन फरशीवर टेकवला की वाजतो. हा वाजला नाही, म्हणून मी धुण्याचा ब्रश खाली ठेवला आणि वर बघितलं.

कॅनच्या कानाला तारेने एक चिठ्ठी बांधली होती. मी ती अक्षरं जुळवत वाचली. ‘कासेचा आजार. दूध नाकारले. दुसरी वेळ.’

आमच्या तळीवाडीत पूर्वी अकरा घरं वाडीच्या संकलन केंद्रावर दूध घालत. आता चारच उरली आहेत, मिळून सहा गाई. आत्मारामच्या तीन, चेअरमन राजाभाऊंची एक, आनंदीबाईंची एक आणि आमची तांबी. सगळं दूध दोन वेळा गोळा होऊन रत्नागिरीच्या शीतकेंद्रावर जातं. केंद्राचे कॅन मी धुतो. दूध मोजून घेण्याचं आणि गाई तपासण्याचं काम माझी नात वेदिका करते.

राजाभाऊ शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढून पुसत बसले.

“आणखी एकदा असा कॅन आला, की केंद्र बंद. मला फोन आला होता,” ते म्हणाले. “वेदिका, तू गाई तपासतेस ना गं?”

“तपासते. एकेका सकाळी एकेक घर. ह्याच आठवड्यात सहाही गाई झाल्या.” तिने वही उघडून पुढे केली. “सगळ्या स्वच्छ. एकाही वाटीत दूध दाट झालं नाही.”

तपासणी अशी असते. प्लास्टिकची एक पसरट थाळी, तिला चार वाट्या. गाईच्या चार सडांचं दूध चार वाट्यांत घ्यायचं, त्यात धुण्याच्या पावडरीसारखं एक औषध ओतायचं आणि थाळी गोल फिरवायची. दूध पाण्यासारखं फिरलं तर सड निरोगी. तांदळाच्या पेजेसारखं दाट झालं, तर आतून आजार. वरून काही दिसत नाही. कास सुजत नाही, गाय चारा सोडत नाही.

आत्माराम दारात उभा होता. वेदिकाच्या जागेवर त्याला आपली सून बसवायची होती, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं.

“साबणाचं पाणी घेऊन गोठ्यागोठ्यांतनं फिरायचं,” तो म्हणाला, “मंग दुधात साबण नाय तर काय केवडा येणार?”

“आत्मारामकाका, मी थाळीतलं दूध ओतून टाकते. चरवीत परत घालत नाही.”

“तू सांगतेस. बगायला कोण असतो?”

वेदिकाने वही परत घेतली. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, मुंबईत कुठल्याशा दुकानात तिच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. केंद्र बंद झालं की तिने पिशवी भरून निघायचं, असं ठरलेलं. तिला जायचं नव्हतं. मलाही ती जायला नको होती. पण ते बोलून दाखवायची आमच्या घरात रीत नाही.

राजाभाऊ माझ्याकडे वळले. “महिपत, जन्मभर गाई सांभाळल्यास. प्रत्येक गोठ्यात तुला आत येऊ देतात. रविवारी संध्याकाळी मी सगळ्यांना इथे बोलावतो. तोपर्यंत बघ, कुठल्या दुधात काय आहे ते.”

सहा गाई निरोगी, आणि त्यांचं दूध आजारी. हे कसं, ते मला तिथे उभ्या उभ्या काही कळेना. मी नासलेलं दूध माडाच्या मुळाशी ओतलं, कॅन धुतला आणि हर्षदच्या शेजारी टेम्पोत जाऊन बसलो.

२

टेम्पोत बसल्या बसल्या मला वास आला.

“हर्षद, हे काय?”

“काय नाय, महिपतदादा.”

“काय नाय कसं? बांगडे आहेत.”

सीटच्या मागे गोणपाटाखाली टोपली होती. सकाळी येताना तो बंदरावरून मासे उचलायचा आणि वाटेतल्या घरांना विकायचा. तळीवाडीला पोचेपर्यंत टोपली अर्धी व्हायची.

“कुणाला बोलू नका,” तो कानाला हात लावून म्हणाला. “पण दुधाला मी हात लावत नाय, आईची शपथ. कॅनला सील असतंय. तुमचीच वेदिका लावते. तुटलेलं दिसलं तर तिकडं मला आत घेणार नाय.”

सील मी बघितलं होतं. आणि माशाच्या वासाने दुधाला वास लागेल, आजार कसा लागेल? तरी मी त्याच्यावर नजर ठेवून बसलो. म्हातारा माणूस एखाद्यावर संशय घेऊन बसला, की त्याला जरा बरं वाटतं. निदान काहीतरी चाललंय असं वाटतं.

शीतकेंद्रावर एक बाई पांढरा कोट घालून काचेमागे काम करत होत्या. मी चप्पल बाहेर काढून आत गेलो. त्यांनी फ्रिजमधून आमच्या परत आलेल्या दुधाची बाटली काढली, आमच्यासारख्याच थाळीत थोडं दूध घेतलं, औषध ओतलं आणि फिरवलं. दूध जागच्या जागी गोळा झालं. थाळी तिरपी केली तर लोंबलं.

“साबण पडला असेल का हो ह्यात?” मी विचारलं.

“साबणाची तपासणी वेगळी असते. ती मी केली. साबण नाही.” त्यांनी थाळी माझ्यापुढे धरली. “सडाच्या आत आजार शिरला, की गाईचं अंग तिकडे आपले शिपाई पाठवतं. ते दुधात उतरतात. औषध पडलं की त्यांचाच हा चिकटा होतो. हे बाहेरून घालता येत नाही, आजोबा. हे कासेतूनच आलंय.”

म्हणजे वेदिका सुटली, हर्षदही सुटला. माझा जीव हलका झाला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “आजचा सकाळचा कॅन आणलात ना?”

त्यांनी नुकत्या उतरवलेल्या कॅनमधलं दूध दुसऱ्या वाटीत घेतलं. औषध ओतलं. फिरवलं. दूध पाण्यासारखं सळसळलं.

“तुमचा सकाळचा कॅन कधीच वाईट नसतो. दोन्ही वेळा संध्याकाळचा आला.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “त्याच गाई, तोच टेम्पो. कॅन धुणारे?”

“मीच.”

“मग तुमच्या गाई संध्याकाळी आजारी पडतात आणि सकाळी बऱ्या होतात का?”

त्यांनी थाळी नळाखाली धरली. त्या म्हणाल्या, “सोमवारी पुन्हा तुमच्या वाडीची पाळी आहे. संध्याकाळचा कॅन तपासणार मी.”

३

शनिवारी मी एकेक गोठा धरला.

आत्मारामच्या गोठ्यात पंखे आहेत आणि खाली रबराच्या चटया. तो सकाळ-संध्याकाळ आपल्याच हाताने धारा काढतो.

“सांजेला काय वेगळं करतोस?”

“सांजेला मी रेडिओ लावतो,” तो म्हणाला. “लावू नको काय? गाणी ऐकून सडांना आजार होतो काय?”

मी खाली वाकून तिन्ही गाईंच्या कासा चाचपल्या. मऊ होत्या.

“माझ्या तिन्ही गाई शांत,” तो मागून बोलला. “तुमची नात स्वतः खाली बसते, सड सड धरून वाटी भरते. माझं काय झाकलेलं नाय. तुमी दुसरीकडं बगा.”

राजाभाऊंच्या घरी गडी धार काढतो, सकाळी तोच आणि संध्याकाळी तोच. गाय गरीब, कुणीही हात लावा.

आनंदीबाई माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. त्यांची गाय आणि आमची तांबी सारख्याच स्वभावाच्या, परका हात कासेला लागला की लाथ. तिथे वेदिका थाळी देऊन बाहेर उभी राहते आणि धनीच वाट्या भरून देतो. आनंदीबाई पेंढा झोडत होत्या.

“तिन्हीसांजेला गाईला दृष्ट लागते,” त्या म्हणाल्या. “पोरीला सांग, थाळीत मीठमोहरी टाक म्हणावं.”

“दृष्ट एका रात्रीत कशी उतरेल? सकाळचं दूध स्वच्छ असतं.”

“मंग तूच सांग. तू मोठा गाईवाला.” त्यांनी पेंढी खाली ठेवली. “तुझ्या घरात सांजेला कोण धार काढतं?”

“सून. सावित्री.”

“आणि सकाळी?”

“मी.”

“हं,” एवढंच म्हणून त्या पुन्हा पेंढा झोडायला लागल्या. मला त्या ‘हं’चा राग आला. आमची तांबी मी वासरू असल्यापासून वाढवलेली. रोज सकाळी मी पाडीला सोडतो, ती दोन घोट पिते, तांबी पान्हा सोडते, मग पाडीला बांधून, तिचा वाटा तिला ठेवून, मी चरवी भरतो. पन्नास वर्षं हेच चाललं आहे. हल्ली फक्त पाडी आगाऊ झाली होती. शेवटी पुन्हा सोडली की भलत्याच सडाला तोंड लावायची, आणि मी दाव्याला ओढून तिला तिच्या जागी आणायचो. तेवढं सोडलं तर आमच्या गोठ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी वेदिकाने एक साधी गोष्ट सुचवली. ती आधी कुणाला कशी सुचली नाही, कोण जाणे.

“आज दूध कॅनमध्ये ओतायच्या आधी प्रत्येकाच्या चरवीतलं थोडं वेगळं तपासू. सगळ्यांसमोर.”

राजाभाऊ खुर्ची ओढून बसले. आत्माराम हाताची घडी घालून उभा. वेदिकाने थाळी टेबलावर ठेवली. पहिल्या वाटीत आत्मारामचं दूध, दुसरीत राजाभाऊंचं, तिसरीत आनंदीबाईंचं. चौथी वाटी रिकामी राहिली, कारण सावित्री अजून यायची होती. ती आली तेव्हा तिच्या कपाळाला घाम होता. तिने चरवी टेबलावर ठेवली आणि पदराने हात पुसत मागे सरली.

वेदिकाने चौथी वाटी भरली. चारींत औषध ओतलं. थाळी फिरवली.

तीन वाट्यांतलं दूध फिरलं. चौथ्या वाटीतलं जागेवर बसलं.

वेदिकाने थाळी तिरपी केली, पुन्हा सरळ केली, पुन्हा तिरपी केली. मला वाटलं, तिचा हात जरा हलावा, थाळी खाली पडावी, सांडावं सगळं. तिने थाळी नीट टेबलावर ठेवली.

“आमचं आहे,” ती म्हणाली. “आमच्या तांबीचं.”

४

त्या संध्याकाळी आमचं दूध कॅनमध्ये गेलं नाही. पण प्रकरण तिथे मिटलं नाही, उलट वाढलं. आत्माराम रस्त्यात उभा राहून जो भेटेल त्याला सांगत होता, “सगळ्यांच्या गाई तपासते आणि स्वतःच्या घरची सोडते. वहीत मात्र स्वच्छ!” राजाभाऊ एवढंच म्हणाले, “उद्या बैठक आहेच.” पण वेदिकाची वही त्यांनी आपल्या काखेत धरून नेली.

रविवारी सकाळी धार काढायच्या वेळेला मी वेदिकाला म्हटलं, “आण थाळी. आता लगेच बघू.”

ती नेहमीसारखी गोठ्याच्या अर्ध्या दाराबाहेर उभी राहिली. मी पाडीला सोडलं, बांधलं, डाव्या अंगाला उकिडवा बसलो आणि थाळी घेतली. एक वाटी, दुसरी, तिसरी, चौथी. चौथी थोडी कमी भरली होती, म्हणून आणखी दोन धारा मारल्या. मागचा डावा सड तांबीचा नेहमीच भरलेला असतो. थाळी दारावरून तिच्या हातात दिली.

तिने औषध ओतलं, फिरवलं आणि बराच वेळ फिरवतच राहिली.

“आबा, स्वच्छ आहे.”

“चारी?”

“चारी.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. काल संध्याकाळी ह्याच गाईचं दूध गोळा झालं होतं. एका रात्रीत कास बरी होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. माझं डोकं चालेना. दुधात काहीतरी पडतंय, म्हणावं, तर रत्नागिरीच्या बाई सांगत होत्या की हे बाहेरून घालता येत नाही. कासेतून येतंय, म्हणावं, तर ही थाळी समोर. काल कुणी दुसऱ्याच गाईचं दूध आमच्या चरवीत ओतलं की काय, इथपर्यंत माझी मजल गेली.

“आबा,” वेदिका हळू म्हणाली, “सकाळी तुम्ही काढता. संध्याकाळी आई काढते. फरक तेवढाच आहे.”

आईचं नाव घेताना तिचा आवाज बदलला होता. ती केंद्रावर गेली. मी चरवी ओट्यावर ठेवून स्वयंपाकघरात गेलो. सावित्री भाकरी थापत होती.

“सांजेला दूध काढताना तू काय करतेस?”

“काय करायचं, मामंजी? काढतंय.”

“त्यात काय घालतेस?”

तिचे हात थांबले. “बावीस वर्षं ह्या घरात भाकऱ्या थापल्या. आज विचारतांव, दुधात काय घालतंय?”

“सावित्री, पोरीचं काम जाणार आहे.”

“माझी पण पोरगी हाय ती!” तिने काटवट बाजूला सारली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग चुलीकडे तोंड करून बसली. तिच्या मनात काहीतरी आहे, हे मला स्पष्ट दिसलं. आणि ते माझ्या भीतीने बाहेर येत नाही, हेही दिसलं. पण मी तिला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. माझी भीती कशाची?

मी गोठ्यात परत गेलो. पाडीला तिचा वाटा प्यायला सोडायचं राहिलं होतं. मी दावं सोडलं आणि जांभ्याच्या भिंतीला टेकून नुसता बसलो. ओढायचं त्राण नव्हतं, म्हणून ओढलं नाही.

पाडी तांबीच्या उजव्या अंगाला गेली. मागच्या सडाला तिने तोंड लावलं. एकदा ओढलं, सोडलं, मान झटकली, जिभेने नाक चाटलं. मग वळसा घालून डाव्या अंगाला आली आणि मी नुकत्याच रिकाम्या केलेल्या सडांना ढुशा द्यायला लागली.

मी रोज तिला दाव्याने ओढून त्याच सडाकडे नेत होतो. आणि रोज ती मान झटकत होती.

मी उठलो. उजव्या अंगाला गेलो. त्या अंगाला मी कधी बसत नाही. उजवा मागचा सड पाडीचा. माझ्या बापाच्या वेळेपासून आमच्यात चौथा सड वासराचा असतो, त्याला धन्याने हात लावायचा नाही. मी त्या सडाची एक धार तळहातावर घेतली. पांढरी, चांगली. जिभेला लावली.

खारट.

वेदिकाने थाळी आणि औषधाची बाटली ओट्यावर ठेवली होती. मी एका वाटीत त्या सडाचं दूध घेतलं, औषध ओतलं, फिरवलं. वाटीत पेज झाली.

मी थाळीकडे बघत राहिलो. मग माझ्याच हातांकडे. आज सकाळी, ह्या आठवड्यात, मागच्या महिन्यात मी चार वाट्या भरल्या होत्या. चार वाट्या, तीन सड. चौथी वाटी रिकामी द्यायची नाही, म्हणून ती मी दर वेळी त्या भरलेल्या डाव्या सडाने भरून दिली. खोटं बोलावं म्हणून नव्हे. वासराचा सड हा माझ्या हिशेबी दुधाचा सडच नव्हता. तो पाडीचा होता.

“नवरात्रापासनं ती तो पीत नाय,” मागून सावित्रीचा आवाज आला. ती दारात उभी होती, हाताला पीठ तसंच. “कास एका बाजूनं जड व्हायची. गाय पाय उचलायची. मंग मी सांजेला तोही काढायला लागले. फुकट कशाला घालवायचा, म्हणून चरवीत ओतला.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“लग्न होऊन आले त्या वर्षी मी पाड्याच्या सडाला हात लावला होता, आठवतंय? तुमी भरलेली चरवी अंगणात ओतलीत. सगळ्या वाडीनं बघितलं.” तिने पीठ झटकलं. “मला आठवतंय.”

५

संध्याकाळी केंद्रावर सगळे जमले. आनंदीबाई काठी टेकत आल्या. हर्षद टेम्पो बंद करून दारात उभा राहिला. आज माशाचा वास नव्हता.

राजाभाऊंनी वही उघडली. “वेदिका, ह्या आठवड्यात तू तांबीपुढे स्वच्छ लिहिलंस. काल तिचंच दूध सगळ्यांसमोर दाट झालं. घरची गाय म्हणून सोडलीस का?”

मी बोलणार, तेवढ्यात ती उभी राहिली. दुपारी मी तिला सगळं सांगितलं होतं.

“चूक माझी आहे, सर. गाय लाथ मारते म्हणून मी बाहेर उभी राहिले. थाळी मी स्वतः धरायला हवी होती.” तिने मान खाली घातली. “दुसऱ्या कुणाची चूक नाही. माझं नाव काढा, पण केंद्र ठेवा.”

आत्मारामने खाकरून घसा साफ केला. त्याला हवं ते आयतं हाती आलं होतं.

“बस खाली,” मी म्हटलं. “तिला काही माहीत नव्हतं. मी सांगतो.”

मी थाळी टेबलावर ठेवली आणि सुरुवातीपासून सांगितलं. साबण नव्हता, कारण रत्नागिरीच्या बाईंनी तो शोधला आणि सापडला नाही. टेम्पो नव्हता, कारण सकाळी तोच टेम्पो स्वच्छ दूध नेत होता. कॅनही नव्हता, कारण काल कॅनमध्ये पडायच्या आधीच आमचं दूध दाट झालं. उरली तांबी. सकाळी ती निरोगी दिसायची, कारण सकाळी मी काढतो आणि चौथा सड सोडतो. संध्याकाळी सावित्री चारी काढते. दुखणं त्या चौथ्या सडात होतं. तो ज्या वेळी चरवीत उतरला, त्याच वेळी कॅन नासला. आणि तपासणी नेहमी सकाळी, माझ्याच हाताने.

“पण वाट्या चार ना हो?” राजाभाऊ म्हणाले. “मग चौथीत काय होतं?”

“तिसऱ्या सडाचं दूध.”

“का?”

“वेदिका म्हणाली, चार वाट्या भरा. मी भरल्या.”

कुणीतरी हसलं, बहुधा हर्षद.

“हे तोंडी नको, महिपत,” राजाभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. “उद्या शीतकेंद्राला कळवताना माझ्या हातात कागद हवा. वहीत तिच्या सहीखाली काय झालं ते लिहून दे. वेदिका सांगेल, तू लिही, नाहीतर अंगठा...”

“अंगठा नको.”

मी खुर्चीवर बसलो. वेदिकाने पेन दिलं. बासष्टाव्या वर्षी तिनेच मला अक्षरं गिरवायला लावली होती, ती तेव्हा आठवीत होती. लिहिलेलं वाचणं मला जमतं. लिहिणं अजून बैलगाडीसारखं चालतं. सगळे उभे होते, दूध चरव्यांत तसंच होतं, आणि मी एकेक अक्षर काढत होतो. ‘चौथी वाटी मी तिसऱ्या सडाची भरली. पोरीने बघितलं नाही. सुनेने चौथा सड चांगल्या मनाने काढला. चूक माझी. महिपत.’

सुनेचं लिहिताना मी वर बघितलं. सावित्री दाराच्या बाहेर उभी होती. वेदिकाने ते वाक्य मोठ्याने वाचलं. सावित्रीने पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघितलं.

आत्माराम वहीवर वाकला. “म्हणजे सहा गाई,” तो बोटं मोजत म्हणाला, “चोवीस सड. आणि तपासले तेवीसच!”

“बावीस,” आनंदीबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“माझ्या गाईचे बी तीनच सड काढते मी. चौथी वाटी अशीच भरते.” त्यांनी काठी आपटली. “बघतांव काय? वासराला काय उपाशी मारू?”

मग जो हशा झाला, त्यात आत्मारामही हसला. लगेच सगळे त्यांच्या गोठ्यात गेलो. आनंदीबाईंनी गाईचं तोंड धरलं, वेदिका खाली बसली. तिने एक लाथ मांडीवर खाल्ली, पण चारही वाट्या चार सडांच्या भरल्या. औषध फिरवलं. स्वच्छ. आनंदीबाई म्हणाल्या, “माझी दृष्ट मी काढते ना रोज.”

राजाभाऊंनी वहीवरचं वेदिकाचं नाव तसंच ठेवलं. त्याखाली एक नवीन नियम लिहिला. ‘चारी ठीक’ असं लिहायचं नाही, प्रत्येक सडाचं वेगळं लिहायचं, आणि थाळी धन्याच्या हातात द्यायची नाही.

सोमवारी सकाळी जनावरांचा डॉक्टर येऊन तांबीच्या सडात औषध सोडून गेला. त्याने सांगितलेले दिवस तिचं दूध कॅनमध्ये जाणार नव्हतं. पाडीला मी डावा मागचा सड दिला, सगळ्यात भरलेला. तिने ढुशी मारून तो घेतला आणि डोळे मिटले. सावित्री चरवी घेऊन उभी होती. मी तिला म्हटलं, “उरलेल्या दोनांचं तू काढ. सकाळीही तूच काढत जा.” चरवी घेऊन ती डाव्या अंगाला, माझ्या जागेवर बसली.

त्या संध्याकाळी तीन घरांचं दूध कॅनमध्ये गेलं. वेदिकाने सील लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. घरी तिच्या बापाचा फोन आला. ती म्हणाली, उद्या सांगते.

मंगळवारी सकाळी ती टेम्पोच्या आधी केंद्रावर येऊन बसली. मी हौदापाशी ब्रश हातात घेऊन उभा होतो. वळणावर हॉर्न वाजला. हर्षदने मागचं फळकूट उघडलं आणि आमच्याकडे न बघता कॅन दोन्ही हातांनी उचलला. त्याचे हात कसे ताणले गेले ते बघावं, तर तेवढ्यात मध्ये वेदिका आली.

त्याने कॅन फरशीवर टेकवला.

वाजला.